हाडांना क्रियापद नसतं

सरांना वाटी हवी होती. वाटी समोरच होती. पण उजवा हात अजून मनासारखा चालत नव्हता, डाव्या हातात चमचा होता आणि मध्ये टेबलभर वर्तमानपत्र पसरलेलं. म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि आतून नेहमीचाच माल येणार अशी मनाची तयारी केली. नेहमीचा माल म्हणजे "हो" किंवा "चला, पुढे चला". हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून एवढे दोनच ऐवज त्यांच्यापाशी उरले होते. पहिला कशालाही चालायचा. दुसरा, विच्छेदनाच्या टेबलाभोवती घुटमळणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं हाकलताना जिभेत इतका मुरला होता की झटक्यालाही तो उपटता आला नसावा. पण त्या सकाळी दोन्ही आले नाहीत. आला तो स्वच्छ, ठणठणीत, कोरा करकरीत शब्द.

"पटेला," सर म्हणाले.

बायकोने हातातला चहा खाली ठेवला. "काय?"

"पटेला."

"पटेल? काय पटेल? अहो, उभ्या जन्मात माझं कधी काही पटलं नाही तुम्हाला, आता काय पटेल?" आणि मग आपण काय बोललो, कुणाशी बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि डोळे पुसता पुसता तिने न कळताच वाटी त्यांच्यापुढे सरकवली, कारण तिला पुसायला वर्तमानपत्राखालचा रुमाल हवा होता.

सर हसत नव्हते. ते चकित होऊन आपल्याच तोंडाकडे लक्ष लावून बसले होते. शब्द गेले असं लोक म्हणत, ते त्यांना आतून कधीच मान्य नव्हतं. शब्द गेलेले नव्हते. ते शेजारच्या खोलीत होते. भिंतीपलीकडून त्यांची उठबस ऐकू यायची, कधी एखादा खाकरायचासुद्धा. पण उठून दार उघडायला जावं तर दाराच्या जागी भिंतच. वाटी दिसत होती, तिच्या काठाचा गारवा ओठांना आठवत होता, पालथी घातल्यावर ती कशी वाजते ते कानात होतं. फक्त हाक मारायला नाव नव्हतं. आणि हे मेंदूच्या कुठल्या घडीत बिघडलं आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. डावीकडे, कानशिलाच्या जरा वर. हातातल्या छडीने ती जागा त्यांनी दरवर्षी नव्या पोरांना दाखवली होती. "इथं बोलणं राहतं," ते म्हणायचे, एखाद्या भाडेकरूचं बिऱ्हाड दाखवावं तसं. आता भाडेकरू दार लावून आत बसला होता आणि मालकाला पत्ता तोंडपाठ असून काडीचा उपयोग नव्हता. मग हा पटेला आला कुठून? तो त्या बिऱ्हाडातला नसणारच. लॅटिन काही ते आईच्या कडेवर शिकले नव्हते. ते शिकले विशीत, कॉलेजच्या ग्रंथालयात, तळघरात, जिथं न मागितली जाणारी पुस्तकं आणि एक सतत सर्दी झालेला ग्रंथपाल ठेवलेला असे. हा ग्रंथपाल दुपारी चाकूने सफरचंद कापून खायचा आणि प्रत्येक फोडीबरोबर एक शब्द सांगायचा. "हाडांची नावं पाठ करतोयस?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "पाठ करू नकोस. त्यांना विचार, बाबांनो, इथं चिकटण्याआधी तुम्ही काय काम करत होता?" आणि खरंच, विचारल्यावर सगळी बोलायला लागली. गुडघ्यावरचं हाड, पटेला, आधी छोटी ताटली होतं. गळ्याखालचं हाड, क्लाविकुला, छोटी किल्ली. नडगी म्हणजे टिबिया, ती तर चक्क बासरी. कमरेचं पेल्विस म्हणजे हातपाय धुवायचं घंगाळ. तळघरातून वर येताना वीस वर्षांच्या त्या पोराला आपल्या अंगात कुणीतरी अख्खं घर मांडून ठेवलंय असं वाटलं होतं आणि जिना चढताना तो ते वाजू नये म्हणून जपून पावलं टाकत होता.

त्याहून मजा पुढे आली. दंडातल्या स्नायूला ती मंडळी मुस्कुलुस म्हणत, म्हणजे पिटुकला उंदीर, हे ऐकून तो सफरचंदाच्या फोडीसकट ठसकला होता, कारण लहानपणी त्याने दंड फुगवून दाखवली होती ती बेडकुळी. तिकडे उंदीर, इकडे बेडूक. पण कातडीखाली काहीतरी जिवंत तुरुतुरु पळतंय हे दोघांनी पाहिलं होतं. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला ते पुपिल्ला म्हणत, छोटी मुलगी, बाहुली. आपणही बाहुलीच म्हणतो. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, समोरच्याच्या डोळ्यात डोकावल्या आणि दोघींना तेच दिसलं. आणि गुडघ्याला तर आपणही वाटीच बसवलेली! पुढे सर झाल्यावर पहिल्या तासाला ते तळहातावर गुडघ्याची वाटी घेऊन यायचे आणि पोरांना विचारायचे, "ह्यात काय वाढू?" पोरं त्यांना मागून हाडेसर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्या दिवसापासून घरात हाडं बोलायला लागली. बायकोला प्रथम भीती वाटली, की बोलणं सुधारतंय की आणखी बिघडतंय. शेजारणीला तिने जिन्यात सांगितलं, "आता काहीतरी मंत्रासारखं पुटपुटतात." पण आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टच्या कानावर घालायचंच, असं तिने ठरवलं. ही तिशीची बाई हेल्मेट काखोटीला मारून तीन मजले धडाधड चढून यायची आणि पिशवीतून चित्रांची कार्डं काढून भाजी मांडावी तशी टेबलावर मांडायची. म्हणून सरांनी मनातल्या मनात तिचं नाव शब्दवाली ठेवलं होतं. त्यांना ती आवडत नव्हती. म्हणजे ती आवडत होती, तिचा आवाज आवडत नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी भोकाड पसरणाऱ्या पोराशी बोलतात तसला तो आवाज. "छान प्रयत्न, सर!" प्रत्येक नापास शब्दाला ती म्हणायची. आयुष्यभर पोरांना नापास करणाऱ्या माणसाला ते झोंबायचं.

त्या दिवशी तिने किल्लीचं कार्ड धरलं. "हे काय आहे, सर? दार उघडायला काय लागतं?"

"क्लाविस."

"छान प्रयत्न! क... क चालेल, कि— नाहीतर च—"

सरांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. स्वतःच्या शर्टाची कॉलर बाजूला सारली, गळ्याखालच्या हाडावर बोट वाजवलं, मग कार्डावर वाजवलं, मग हवेतच कुलूप उघडल्यासारखा हात फिरवला. पुन्हा हाड, पुन्हा कार्ड. शब्दवाली बघत राहिली.

"हाड... किल्ली... सर, हाडाची किल्ली?"

"अहो ताई, लग्न ठरवायला आले तेव्हाही माझ्या मनगटाकडेच बघत होते," बायको आतून म्हणाली. "नंतर कळलं, किती हाडं आहेत ते मोजत होते."

शब्दवाली त्या दिवशी लवकर गेली. पुढच्या वेळी आली ती कार्डांऐवजी एक पुस्तक घेऊन, जुन्या बाजारात मिळालेलं, मुखपृष्ठ गळून पडलेलं लॅटिनचं पहिलं पुस्तक. हेल्मेट खाली ठेवायचंही भान नव्हतं तिला. "सर, आधी मला सांगा, पेल्विस म्हणजे खरंच घंगाळ? मी सहा वर्षं कॉलेजात घातली, कुणी सांगितलं नाही हो मला! मुस्कुलुस म्हणजे उंदीर? आणि परवा तुम्ही पंख्याकडे बघून काहीतरी म्हणालात, वेंतुस, तो वारा होता ना?" ती बोलत सुटली होती आणि सरांच्या लक्षात आलं की तिचा तो शाबासकीचा आवाज कुठेतरी पडला आहे. समोर एक विद्यार्थिनी बसली होती. चांगल्यातली. जिला तास संपल्यावरही जावंसं वाटत नाही अशी. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

तिने युक्ती काढली ती अशी. "सर, तुम्ही तिकडून निघा, मी इकडून येते. मध्ये कुठेतरी भेटू." म्हणजे क्लाविस घ्यायचं. हजारो वर्षांत लोकांनी ते बोलून बोलून गुळगुळीत केलं, पोर्तुगीज खलाश्यांच्या तोंडी त्याचं चावे झालं, जहाजातून उतरून ते आपल्याकडे आलं आणि झालं— इथं ती थांबायची. काही सुचवायची नाही. तिचं थांबणं सरांना आवडायला लागलं. त्यात घाई नव्हती, कीव नव्हती. ते डोळे मिटून त्या शब्दाबरोबर चालायला लागले. "क्लाविस." दगडी रस्ता, रणरणतं ऊन. "चावे." खारा वारा, डोलणारी फळी. आणि मग पायाखाली ओळखीची जमीन लागली, आपलंच घर, आपलाच जिना, दाराशी उभं राहून खिसे चाचपणं.

"चा... चावी."

भिंतीत दार होतं. एवढे दिवस ते दार समोरून शोधत होते. ते मागच्या अंगणाकडून उघडत होतं. बायको ओल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली, हातांतलं पाणी फरशीवर ठिबकत. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"चावी. चावी. चावी," सर म्हणाले आणि हाताला लागलेला जुडगा लहान मूल जसा वाजवत सुटतं तसा तो शब्द ते दिवसभर वाजवत सुटले.

नंतरचे आठवडे सरांना पुढे फार लख्ख आठवत राहिले. सगळेच शब्द त्या वाटेने आले असं नाही. मेन्सा म्हणून म्हणून जीभ दमली, पण टेबल काही आलं नाही. ते एका दुपारी काहीही न करता, पायाचा अंगठा आपटल्यावर, शिवीसारखं आपोआप बाहेर पडलं. पण सापो म्हणता म्हणता साबण फेसाळत आला. पाकारे म्हणजे शांत करणं, समेट करणं, त्याचंच पुढे सावकाराला शांत करणं झालं, आणि तेच लोळत लोळत आपल्या पगारापर्यंत आलं, हे शब्दवालीने पुस्तकांतून हुडकून आणलं, तेव्हा बायको म्हणाली, "बरोबरच आहे. एक तारखेला तेवढं घर शांत असायचं." मिनिट म्हणजे बारीक केलेलं. कॅमेरा म्हणजे नुसती खोली. ही काय मेलेली भाषा, सरांच्या मनात यायचं. ही तर मेल्याचं सोंग घेऊन सगळ्यांच्या घरात जेवतेय. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते कोपऱ्यापर्यंत जात. शिंप्याचं दुकान, घड्याळवाला, मग वळण, मग बसथांबा. एकदा बस येताना दिसली आणि सरांना ग्रंथपालाची फोड आठवली. "ओम्निबुस," ते उत्साहाने म्हणाले. सर्वांसाठी, असा त्याचा अर्थ; मूळ शब्द होता ओम्नेस, सर्व; त्याला लागलेलं हे बुस नुसतं शेपूट, नुसता प्रत्यय. लोकांनी घाईत धड टाकून दिलं आणि शेपूट तेवढं ठेवून घेतलं, आणि आज जगभर ते शेपूट माणसं भरभरून धावतंय. त्यांना हे सगळं बायकोला सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं: "बस! बस!"

ती बिचारी मुकाट्याने बाकावर बसली.

सर इतके हसले की त्यांना तोल सावरेना. तीही मग हसली, का ते न कळता. धड गेलं आणि शेपूट राहिलं तरी चालतं, असं काहीतरी त्यांच्या मनात त्या वेळी येऊन गेलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

पण रात्री दिवा मालवताना एक बोचरी शंका यायची. नावं येत होती. चावी, साबण, चमचा, खिडकी. अंगण भरत चाललं होतं, पण अंगणात हालचाल नव्हती. उघडणं नाही, धुणं नाही, जाणं नाही, हवंसं वाटणं नाही. आयुष्यभर त्यांनी ज्यांच्याशी संगत केली त्या हाडांना नावंच होती फक्त. हाडांना क्रियापद नसतं. हाड काही करत नाही. करणारा कुणी असला तर त्याच्या कामी येतं, एवढंच. आणि "हो" मात्र तसाच होता, बेलगाम. चहा हवा? हो. चहा नको? हो. हो म्हटलं की मानही होच्याच बाजूने हलायची. नाही म्हणायची इच्छा आतून पूर्ण वाढून यायची, ओठांपर्यंत यायची आणि ओठांवर तिचा वेष बदलायचा.

मुलगा आला तेव्हा याचाच घात झाला. मुलगा दुसऱ्या शहरात होता, शीतगृहं बांधणाऱ्या कंपनीत. स्वभावाने गरीब, पण कुठल्याही खोलीत शिरला की डोळ्यांनी तिची लांबी-रुंदी मोजणारा. त्याने सगळा विचार करून ठेवला होता, आणि वाईट असं त्यात काही नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे. तिकडे त्याचं घर मोठं, खाली बाग, हॉस्पिटल समोर, नातीची शाळा जवळ. हे घर विकून टाकावं. एक गिऱ्हाईकही होतं, भला माणूस, वाद्यांची दुरुस्ती करणारा.

"बाबा, आपण सगळे तिकडेच राहू. हे विकून टाकायचं. चालेल ना?"

सरांच्या आत सगळं घर एकदम उभं राहिलं. ही खिडकी, जिच्यातून घड्याळवाल्याचं दुकान दिसतं. हा कोपरा, जिथं सांगाड्याची पेटी असायची आणि लहानपणी हाच मुलगा तिच्यावर चढून बसायचा. आणि नुकतं नुकतं ज्यातून एकेक शब्द परत येऊ लागला होता ते मागचं अंगण. ते काय ट्रकमध्ये घालून नेता येणार होतं? नाही, ते सगळ्या अंगाने म्हणाले. नाही, नाही.

"हो," तोंड म्हणालं. "हो, हो." त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"बघ, आई, किती खूष झाले!" मुलाने त्यांना मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून सरांना बायकोचा चेहरा दिसला. चादरीची घडी घालत होती ती तशीच घालत राहिली, टोकाला टोक जुळवून. महिनाअखेरीला गिऱ्हाइकाला घेऊन येतो, असं सांगून मुलगा गेला.

शब्दवाली आली त्या दिवशी सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने दोनतीन शब्द टाकून पाहिले, त्यांनी उचलले नाहीत. मग आपलं फाटकं पुस्तक उघडून स्वतःशीच धडा वाचत बसली, अभ्यासिकेत दोन माणसं बसावीत तशी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अय्या! सर, ह्या लोकांकडे 'हो' नव्हतंच?"

सरांनी मान वळवली.

"बघा ना. सरळ असा एक हो म्हणून शब्दच नाही. विचारणाऱ्याने जे क्रियापद वापरलं तेच परत द्यायचं. विस्ने? तुला हवंय? वोलो. मला हवंय. नाहीतर नोलो. नकोय मला." ती थांबली आणि हसली. "पण आपण तरी कुठे वेगळं करतो? जेवलीस का? जेवले. येणार का? येणार. हो म्हणतोच कुठे आपण?"

हे त्यांना कधीतरी माहीत होतं. सफरचंदाच्या कुठल्याशा फोडीबरोबर ते पोटात गेलं होतं आणि विसरलं होतं. साऱ्या जगावर राज्य करणाऱ्या माणसांचं होशिवाय अडलं नव्हतं. आणि आपण त्या एका शब्दाच्या तुरुंगात बसलो आहोत. सरांनी दोन्ही ओठ घट्ट मिटले, हो येऊ लागला तसा दातांआड दाबून धरला आणि शब्दवालीकडे असं पाहिलं की तिला कळलं.

"बसायचं का, सर?"

बराच वेळ गेला. "बसायचं."

"पाणी प्यायचं?"

"प्यायचं."

क्रियापद! दुसऱ्याच्या तोंडचं उसनं, पण क्रियापद. अर्ध्या तासात ते उठायचं, बसायचं, प्यायचं, बघायचं असं सगळं करून मोकळे झाले. मग अडचण दिसली. मुलगा विचारणार, जायचं ना? त्याच्यापाशी उसनं मागितलं तर तो जायचंच देणार. आपल्याला हवं ते क्रियापद विचारणाऱ्याच्या तोंडात नसेल, तर ते घरूनच न्यायला हवं. सरांनी पुस्तक ओढून घेतलं, मागची शब्दांची यादी काढली, डाव्या हाताचं बोट उतरत उतरत मच्या रांगेत एका जागी थांबलं. मानेरे. राहणं, थांबणं. शब्दवालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग टेबलावर मुलगा ठेवून गेला होता त्या घरविक्रीच्या कागदांकडे. "अच्छा," ती हळूच म्हणाली. "असं आहे होय. मग ह्याला आणायचंच आपण इकडे." वाट लांबची होती. चावीसारखी थेट बोट नव्हती ह्याला. मानेरेवरून पर्मनंट मिळालं, नोकरीत होतात ते. तिथून पुढे रोज धुकं. "पर्मनंट" म्हटलं की पुढचा शब्द भिंतीपलीकडे खाकरायचा आणि गप्प बसायचा.

महिनाअखेरीला मुलगा आला. बरोबर तो वाद्यं दुरुस्त करणारा गृहस्थ, उंच, वाकलेला, टकटक करून भिंतीचा आवाज ऐकणारा. बायकोने चहा ठेवला. शब्दवालीचा तो वार नव्हता, तरी ती हेल्मेट विसरल्याचं निमित्त काढून आली होती. हेल्मेट तिच्या काखेतच होतं.

"बाबा," मुलगा समोर उकिडवा बसला, "हे गृहस्थ घर घेतायत. आपण जायचं ना?"

हो आला. सरांनी त्याला दातांनी धरला.

"बाबा?"

"माने... मानेरे."

"मान दुखतेय का?"

"पर्मनंट," सर म्हणाले.

"हो तर, पर्मनंटच! परत जिने चढायला नकोत."

घाम आला. कानशिलावरची ती जागा, छडीने दाखवायचे ती, धडधडत होती. भिंतीपलीकडे कुणीतरी उठलं, चपला घातल्या, चालत आलं.

"रा... राहायचं."

"तिकडेच राहायचं बाबा, आमच्याबरोबर—"

नव्हे! आता जागा हवी होती. इकडचा शब्द सापडेना म्हणून त्यांनी तिकडचा घेतला, हाताला लागला तो. "हीक," ते म्हणाले. म्हणजे ह्या ठिकाणी. "हीक! हीक!"

"आई, उचकी लागलीय, पाणी आण!" मुलगा धावला. गृहस्थाने घाईघाईने सरांची पाठ चोळायला घेतली. बायको पेला घेऊन आली. शब्दवालीने दाराशी दोन्ही मुठी आवळल्या होत्या, पण एक अक्षर सुचवलं नाही तिने. सरांनी पेला घेतला, पाणी पिऊन टाकलं, कारण पाणी प्यायचं होतंच. रिकामा पेला उलटा करून फरशीवर ठण्णकन ठेवला आणि त्या आवाजाबरोबर ते बाहेर आलं.

"इथं. इथं राहायचं."

मुलाने हळूच बूड टेकलं. "पण बाबा... तेव्हा तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो," सर म्हणाले. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्या होचा अर्थ हो असा होता.

आधी तो गृहस्थ हसला. मग मुलगा, डोळ्यांना मनगट लावून. "म्हणजे तुमचं सगळंच हो आता संशयास्पद," तो म्हणाला, आणि शब्दवाली म्हणाली, "सगळंच. मी लेखी देते." गृहस्थ चहा पिऊन, भिंतीचा आवाज उत्तम आहे असं सांगून गेला. मुलाला वाईट वाटलं होतं हे सरांना दिसत होतं. जाताना त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला ते कळलं असावं.

संध्याकाळी घर शांत झालं. सर खिडकीशी बसले होते, विजयी. इथं, राहायचं, राहायचं इथं. दोन्ही शब्द खिशातल्या नाण्यांसारखे ते पुन्हा पुन्हा चाचपत होते. घड्याळवाला दुकान बंद करत होता. आणि मग त्यांना जाणवलं की मघापासून बायको एकही शब्द बोललेली नाही. ती पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळत होती. त्यांच्या मनात आलं, हिला कुणी विचारलं? मुलाने विचारलं ते त्यांना. चालेल का, ते त्यांना. आणि त्याआधी? बोलता येत होतं तेव्हा? "आम्हाला नाही जमायचं." "हिला नाटकबिटक आवडत नाही." "आम्ही दोघंही थंडच पाणी पितो." सबंध आयुष्यात हिच्या वाटचं प्रत्येक क्रियापद आपणच बोललो. ते सगळे शब्द साबूत असताना, त्यांची इतकी श्रीमंती असताना, हा एवढासा प्रश्न सुचला नव्हता.

"तुला?" सर म्हणाले.

"मला काय? तेल आहे अजून बाटलीत."

"तुला?"

"माझं काय, तुमचं तेच माझं." तिने बाटलीचं झाकण लावलं. सर थांबले. शब्दवालीसारखे थांबले; काही सुचवलं नाही, घाई केली नाही. बाटली कपाटात गेली. पलंगपोस सरळ झाला. मग ती पाठमोरीच म्हणाली, "मला जायचं होतं."

ती वळली तेव्हा चेहरा हसरा होता, चोरी पकडली गेल्यासारखा. "आता विचारताय म्हणून सांगते. नातीशी फोनवर किती बोलायचं? तिच्या वेण्या घालायच्यात मला. तिथं खाली बाग आहे, चार बायका बसतात. इथं तुम्हाला फिरवून वर येतानाच जीव जातो, म्हणून स्वतःसाठी कधी उतरतच नाही. मनात म्हटलं होतं, यांच्या तोंडून चुकून का होईना हो निघालंय, तर निघू दे." आणि आपण काय कबूल केलं हे कळून तिने जीभ चावली.

म्हणजे तिला ठाऊक होतं! तो हो खोटा आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं आणि ती चादरीची घडी घालत राहिली होती. सरांच्या पोटातून हसू आलं, थांबेना; पलंग हलायला लागला तशी तीही हसू लागली. "आता काय हसताय? सगळ्यांसमोर एवढा तमाशा करून राहायचं म्हणालात ना? राहू आता."

त्यांनी मान हलवली. ह्या वेळी ती खरोखर नाहीच्या बाजूने हलली. दोघांनीही ते पाहिलं. मग त्यांनी तोंड उघडलं. लॅटिन आलं नाही. ते वाट पाहत बसले नाहीत त्याची. तिच्या तोंडचं क्रियापद समोरच होतं, गरम, नुकतं बाहेर आलेलं. ते त्यांनी उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूने चालवून पाहिलं.

"जाऊ," सर म्हणाले.

"अहो, काहीतरीच!"

"जाऊ." श्वास घेतला. भिंतीपलीकडून कुणी खाकरलं नाही, दारच उघडं होतं. "जाऊ. येऊ."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. घर विकायचं नाही, कुलूप लावायचं. थंडीत तिकडे, उन्हाळ्यात इकडे. नातीच्या वेण्या आणि घड्याळवाल्याची खिडकी. तीन मजले उन्हाळ्यापुरतेच चढायचे, दम खात खात, दोघांनी. एवढं सगळं त्या दोन शब्दांत मावलं होतं आणि तिला ते एकेक उलगडत होतं. मग ती उठली आणि बाहेर जाऊन फोन लावला.

"पोचलास का रे?" तिचा आवाज आला. "ऐक. आम्ही येतोय. नाही, नाही, विकायचं नाही. जाऊ आणि येऊ... अरे, मी नाही ठरवलं, ते म्हणाले... हो, दोन्ही. आधी मला विचारलं आणि मग म्हणाले."